अनेकवचनाची साक्ष

"देशिंगकर, हे कार्ड तुमच्याकडे आलं होतं का?" नानासाहेब टेंब्यांनी एक पिवळं कार्ड दोन बोटांत धरून विचारलं, आणि मी कपाटाच्या काचेत बघून भांग नीट करायला लागलो. चाळिशीतला अर्धा टकल्या माणूस, भांग कसला नीट करणार, कपाळ! पण हात कुठेतरी गुंतवायला हवे होते.

"नाही बुवा. पाहिलं नाही अजून," मी म्हणालो.

साफ थाप. ते कार्ड मी सोमवारीच वाचलं होतं आणि वाचून गठ्ठ्याच्या अगदी तळाशी सरकवलं होतं. गुरुवारपर्यंत ते नानासाहेबांच्या टेबलावर कसं पोचलं, देव जाणे.

ही १९७८ सालची गोष्ट. सांगलीत एका वाचनालयाच्या माडीवर आमचं शब्दकोशाचं कार्यालय होतं. बोलीतले शब्द गोळा करून आम्ही कोश करत होतो आणि पहिला खंड, म्हणजे 'अ' ते 'औ', छापखान्यात जायचा होता. नानासाहेब मुख्य संपादक, मी सहायक संपादक, आणि दोन कारकून, एवढाच आमचा संसार. पुस्तकात सापडलेला शब्द पांढऱ्या कार्डावर लिहायचा आणि कानांनी ऐकलेला पिवळ्यावर. पांढऱ्याला पुस्तकाचं नाव आणि पान दिलं की काम भागायचं. पिवळ्याला मात्र दोन कान लागायचे. आमच्या गावात अमुक शब्द असा बोलतात असं कुणी नुसतं लिहून पाठवलं, तर ते चालायचं नाही. ते बोलणं स्वतः ऐकलेल्या दुसऱ्या माणसानं कार्डाच्या पाठीमागे 'ऐकले आहे' असं लिहून सही करायची. दुसरा कान मिळाला नाही की कार्ड रद्द. हा नियम नानासाहेबांचा, आणि त्यात ते सख्ख्या भावालाही सूट देत नसत.

"बघा तरी, काय नामी कार्ड आहे," नानासाहेब खुशीत होते. "शब्द 'अनेकवचन'. आपण काय लिहिलंय? एकाहून अधिकांचा बोध करून देणारे शब्दाचे रूप. व्याकरणाच्या पुस्तकातून उचललं आणि मोकळे झालो. या गृहस्थांनी दुसरा अर्थ दिलाय. मान. माणसाला मान देऊन बोलणे. अनेकवचन लावणे. आणि उदाहरण ऐका, 'त्याला कसलं अनेकवचन लावतोस?' वा! हे कुठल्या पुस्तकात मिळणार आहे तुम्हाला?"

त्या वाक्याच्या वर कार्डावर आणखी एक ओळ होती. ती त्यांनी मनातल्या मनात वाचली, आणि मला बरंच वाटलं.

"कुणाचं आहे?" मी उगीचच विचारलं.

"वायदंडे मास्तरांचं. आणि गंमत बघा, दुसरा कान आपल्या घरातच निघाला. ऐकणारे, क्रमांक दोन, मुकुंद रामचंद्र देशिंगकर. तुमचंच नाव ना हे?"

"माझंच."

"मग झालं! शनिवारी बैठकीत सही करून टाका. मास्तरांनाही बोलावलंय मी. इतकी वर्षं कार्डं पाठवतायत, एकदा चहा तरी पाजू त्यांना."

मारुती धोंडी वायदंडे तासगावकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. नऊ वर्षांत त्यांनी आम्हाला अकराशेच्या वर पिवळी कार्डं पाठवली होती. चऱ्हाट, कासरा, दावं, शिंकं, वेसण, दोर वळणाऱ्या घरातला एकूण एक शब्द त्यांनी पोस्टानं आमच्या खणात आणून टाकला होता. अक्षर मोत्यासारखं, आणि प्रत्येक कार्डावर दुसरा कान हजर. स्वतःसाठी या माणसानं कधी काही मागितलं नाही. या खेपेला मात्र कार्डासोबत चार ओळींची चिठ्ठी होती. 'आजवर अमुक शब्द घ्याच असा आग्रह मी कधी धरला नाही. हा एक मात्र घ्यावा, ही विनंती.'

ती चिठ्ठी माझ्या खिशात होती. नानासाहेबांना ती मी दाखवलीच नाही.

मास्तर आणि मी एका वर्गातले. जांभूळखेडची शाळा, तिसरी, साल १९४६. ती शाळा एकशिक्षकी होती, आणि तो एक शिक्षक म्हणजे माझे वडील. कार्डावर मास्तरांनी वडिलांचं नाव घातलं नव्हतं. 'बोलणारे' या रकान्यात त्यांनी नुसतं लिहिलं होतं, 'एक गुरुजी.' पण मी 'ऐकले आहे' म्हणून सही केली असती, की नानासाहेबांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. कोण गुरुजी?

आणि तो प्रश्न मला त्या पंधरवड्यात नको होता. कारण पुढच्याच रविवारी वडिलांचा अमृतमहोत्सव होता. जुने विद्यार्थी जमणार, शाल-श्रीफळ, मानपत्र, सगळं यथासांग. अध्यक्ष कोण, तर नानासाहेब टेंबे! मानपत्राचा मजकूर मीच लिहिला होता. त्यात मी झोकात एक वाक्य टाकलं होतं, 'गुरुजींच्या वर्गात गावातली सारी मुले एकाच सतरंजीवर बसली.' नानासाहेबांना ते इतकं आवडलं, की त्यांनी त्याखाली लाल रेघ ओढून ते मोठ्या टायपात छापायला सांगितलं.

त्या संध्याकाळी जेवताना मी वडिलांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णा, जांभूळखेडचा धोंडी आठवतो का तुम्हाला?"

"कोण? दोरवाला धोंड्या? न आठवायला काय झालं!" अण्णांनी ताकाची वाटी तोंडाला लावली. "गुणी होता बिचारा. शाळेच्या घंटेचा दोर त्यानंच वळून दिलेला. मी बदलून गेलो तेव्हाही तोच होता, एक पेड सुटला नव्हता."

"आणि त्याचा मुलगा?"

"मारुत्या? मास्तर झाला म्हणे. माझ्याच हाताखालून गेला ना!" अण्णांचा चेहरा फुलला. "त्याला बोलावलंयस ना रविवारी? बोलाव. चार लोकांना दिसू दे, कुठली पोरं मी कुठे नेऊन ठेवली ते."

"त्या शाळेत एकदा तुम्ही वचनं शिकवत होता..."

"एकदा कसलं? तीस वर्षं शिकवली वचनं. ताक घे."

म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच काही आठवत नव्हतं. ते बघून मला जरा हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा रागही आला. रागाचं काय, तो जेवण होईपर्यंत टिकला.

शनिवारी मास्तर बैठकीच्या अर्धा तास आधीच हजर. पांढरा सदरा, धोतर, काखेत कापडी पिशवी. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून त्यांनी आधी वहाणा काढल्या.

"अहो, वहाणा राहू द्या. इथे कुणी काढत नाही," मी म्हणालो.

"राहू दे. शब्दांचं घर आहे," ते हसून म्हणाले. मग हात जोडून, "बरे आहात ना देशिंगकर? गुरुजी कसे आहेत?"

"बरे आहेत. रविवारी या ना तुम्ही."

"येणार तर! आमंत्रण पोचलं." ते थोडे थांबले. "कार्ड मिळालं ना?"

"मिळालं."

"मी लई दिवस विचार केला पाठवावं का नको म्हणून. नाव कुणाचं घातलेलं नाही मी."

"पाहिलं मी."

"तुम्हाला आठवतंय का ते, हे मात्र मला माहीत नव्हतं. तुम्ही आठ वर्षांचे, मी अकरा. मला पक्कं आठवतंय. म्हटलं, तुम्हालाही आठवत असलं तर त्या कार्डाला दोन कान होतील, नाहीतर राहील." एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. मी चहा आणायला सांगितला.

बैठक म्हणजे काय, नानासाहेबांच्या टेबलाभोवती पाच खुर्च्या. त्यांनी मास्तरांना आपल्या शेजारी बसवलं, त्यांच्या अकराशे कार्डांचं तोंड भरून कौतुक केलं. कारकुनांनी खंडातली बाकीची कार्डं एकेक करून वाचली, सह्या झाल्या. शेवटी नानासाहेबांनी ते पिवळं कार्ड माझ्यासमोर उलटं ठेवलं, पेन वर ठेवलं आणि म्हणाले, "हं, देशिंगकर. करा सही, म्हणजे 'अनेकवचन' संपलं."

मी कार्ड उचललं. सुलट केलं, पुन्हा उलटं केलं.

"नानासाहेब, मला हे नीटसं आठवत नाही," मी म्हणालो.

"आठवत नाही म्हणजे?"

"म्हणजे... बत्तीस वर्षं झाली. मी आठ वर्षांचा होतो."

"तेही खरंच," नानासाहेबांनी चष्मा काढला. "पण आपल्याकडे आठवत नाही असा शेरा नाही देशिंगकर, ठाऊक आहे ना तुम्हाला? ऐकले आहे, किंवा ऐकले नाही. दोहोंतलं एक लिहायचं."

खोलीत पंखा फिरत होता, कारकून घड्याळाकडे बघत होते. मास्तरांचे दोन्ही हात पिशवीवर होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण ते माझ्याकडे बघतायत हे मला कळत होतं. त्या क्षणी मला मानपत्रातली लाल रेघ दिसत होती, दुसरं काहीही नाही. मी पेन उचललं आणि लिहिलं, 'ऐकले नाही.' खाली सही केली, तारीख घातली. अक्षर जराही हललं नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

नानासाहेबांना वाईट वाटलं. "अरेरे! मास्तर, आणखी कुणी नाही का तुमच्या वर्गातलं? एखादा तरी?"

मास्तर उठले. पिशवी काखेला लावली. "असू द्या साहेब," ते म्हणाले, "लहान होते ते तेव्हा."

हे वाक्य मी त्याआधी एकदा ऐकलं होतं. त्याच शाळेत, त्याच दिवशी. म्हणून सांगतो आता, त्या दिवशी काय झालं ते.

शाळेच्या घंटेचा दोर तुटला होता. धोंडीला नवा दोर वळायला सांगितला होता. सकाळी अण्णा आम्हाला वचनं शिकवत होते. एक मुलगा, अनेक मुलगे. एक फूल, अनेक फुलं. मग म्हणाले, माणूस एकच असला तरी मोठ्या माणसाला अनेकवचन लावायचं, ती मान देण्याची रीत आहे. आजोबा आले. मामा आले. पाटील आले. आम्ही तासभर तेच घोकत होतो. माझी जागा दाराशी, कारण बाहेर कोण आलं-गेलं ते सांगायचं काम माझ्याकडे होतं. दाराबाहेरच्या पडवीत तीन पोरं वेगळी बसायची, त्यांतला एक मारुती. सतरंजी आतल्यांना होती. पडवीतल्यांना जमीन.

आणि पायरीखाली धोंडी येऊन उभा राहिला, खांद्यावर नवा कोरा दोर. मी शिकवलेलं लगेच वापरून दाखवलं. शाबासकी मिळणार, अशी खात्रीच होती माझी. उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "गुरुजी, धोंडीबा आलेत."

अण्णांनी जागेवरून उठून माझ्या कानाखाली वाजवली. "त्याला कसलं अनेकवचन लावतोस? धोंड्या आला, म्हण."

"धोंड्या आला," मी म्हणालो.

"सगळ्यांनी म्हणा."

तीस पोरं एका सुरात ओरडली, "धोंड्या आला." पोरांना काय, गंमतच वाटली. पडवी तेवढी गप्प होती. अण्णा दारात गेले आणि तिथल्या तिघांना म्हणाले, "तुम्हाला वेगळी आमंत्रणं देऊ का रे?" तेव्हा त्या तिघांनीही म्हटलं. मारुतीनंही म्हटलं, बापाकडे बघत. "धोंड्या आला."

धोंडीनं दोर पायरीवर ठेवला. तो हसत होता, कसंनुसं. माझा गाल लाल झालेला त्याला दिसला असावा, कारण तो हात जोडून म्हणाला, "मारू नगा गुर्जी. ल्हान हाय त्यो. चुकतंय पोरगं."

मास्तर निघून गेल्यावर नानासाहेबांनी दुसऱ्या अर्थावर काट मारली. 'मान' गेला. मग म्हणाले, "पहिल्या अर्थाखाली आदरार्थी वापराचं तरी एखादं उदाहरण हवं. तुम्हीच द्या एखादं साधंसं, व्याकरणाच्या पुस्तकातलं." मी दोन शब्दांचं एक वाक्य दिलं. त्यांनी ते पांढऱ्या कार्डावर लिहून घेतलं, खंड छापखान्यात गेला, आणि मी घरी जाऊन पोटभर जेवलो.

रविवारी समारंभ झाला. सभागृह खच्चून भरलेलं. नानासाहेबांनी मानपत्र वाचलं, आणि सतरंजीच्या वाक्याला अशा टाळ्या पडल्या की त्यांना थांबावं लागलं. मास्तर मागून चौथ्या ओळीत बसले होते. मी पाहिलं, टाळ्या ते पण वाजवत होते. मग विद्यार्थी एकेक करून व्यासपीठावर आले. कुणी वकील, कुणी कारखान्याचा संचालक. अण्णा प्रत्येकाला या वकीलसाहेब, या संचालक म्हणत हात धरून जवळ घेत होते. मास्तर चढले, तेव्हा अण्णा माईकसमोरच होते. आवाज सभागृहभर गेला.

"ये रे मारुत्या! केवढा झालास!"

लोक कौतुकानं हसले. पंचेचाळीस विद्यार्थ्यांत अण्णांना पाळण्यातल्या नावानं आठवणारा हा एकच, असं त्यांना वाटलं असणार. मास्तरांनी वाकून पाया पडून हार घातला. अण्णांचे डोळे भरून आले. खरे भरून आले, यात काडीची शंका नाही, आणि हेच सांगायला मला सगळ्यांत जड जातं.

चहाच्या वेळी मी मास्तरांना सभागृहाच्या मागच्या दारापाशी गाठलं. काय बोलणार होतो ते माझं मलाच माहीत नव्हतं.

"मास्तर, त्या कार्डाचं..."

"कार्डाचं काय आता," ते म्हणाले. "संपलं ते."

"तुमची काही चूक नव्हती. माझ्यापुढे..."

"देशिंगकर," त्यांनी मला मध्येच थांबवलं. आवाज चढवला नव्हता, पण त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "तुम्हाला वाटलं असेल, मला गुरुजींचं वाक्य छापून आणायचं होतं. बापाचा अपमान कोशात घालून सूड घ्यायचा होता. होय ना?"

मला तसंच वाटलं होतं.

"खालचं वाक्य मी कोशाला लागतं म्हणून लिहिलं. अर्थ त्याच्याशिवाय कळला नसता. मला त्याच्या वरची ओळ हवी होती." त्यांनी कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "त्या दिवशी बा घरी आला आणि आईला म्हणाला, गुरुजींचं पोरगं आज मला 'आलेत' म्हणालं. धोंडीबा आलेत, म्हणालं. पुढचं त्यानं सांगितलंच नाही. पोरं काय ओरडली, मी काय ओरडलो, एक अक्षर नाही. मरेपर्यंत सांगायचा तो, मला एकदा आलेत म्हणालेत. पाव्हणे आले की सांगायचा. माझ्या लग्नात सांगितलं त्यानं. साठ वर्षं जगला माझा बाप, आणि सबंध आयुष्यात एकदाच त्याला अनेकवचन लागलं. ते तुम्ही लावलंत. ते तेवढं मला छापलेलं बघायचं होतं."

"मास्तर, मला माहीत नव्हतं हो हे."

"तुम्ही ऐकलं होतं. माहीत असायची गरज नव्हती." त्यांनी पायांत वहाणा सरकवल्या. "चला, निघतो. गुरुजी थकलेत, त्यांना लवकर घरी न्या."

त्यानंतर त्यांचं एकही कार्ड आलं नाही. 'क'चा खंड आम्ही त्यांच्या जुन्या कार्डांवर रेटला. प्रस्तावनेत आभाराच्या यादीत त्यांचं नाव आहे, बाविसाव्या क्रमांकावर.

आता माझं वय एक्याऐंशी. अण्णा गेले, नानासाहेब गेले. आठ वर्षांपूर्वी मास्तरही गेले. मला ते दीड महिन्यानं कळलं, पेपरात उशिरा छापलेल्या शोकसभेच्या बातमीतून. गेल्या वर्षी कोशाची सुधारित आवृत्ती काढायचं ठरलं आणि जुना माणूस म्हणून मला सल्लागार नेमलं. ऋतुजा नावाची एक चुणचुणीत मुलगी सगळं काम संगणकावर करते. पिवळ्या कार्डांचा रंग गेला, पण दोन कानांचा नियम तिनं जसाच्या तसा ठेवला आहे. प्रस्तावनेत त्या नियमाची थोरवी मीच तर लिहिली होती.

जुनं कार्ड मिळायची सोय नव्हती. रद्द कार्डं दर पाच वर्षांनी लगद्याला जायची. मग मी ते आठवून नव्यानं लिहिलं, दोन्ही ओळी, जशाच्या तशा. या खेपेला 'बोलणारे' या रकान्यात अण्णांचं पूर्ण नाव घातलं. 'ऐकले आहे' लिहून खाली सही केली. तारीखही घातली.

ऋतुजानं वाचलं. पुन्हा एकदा सुरुवातीपासून वाचलं. मग म्हणाली, "सर, हे घ्यायलाच हवं. दुसरे कोण आहेत ऐकणारे?"

"गेले ते."

"त्यांची सही असलेलं काही? एखादं पत्र?"

"होतं. कार्ड होतं. ते मीच रद्द केलं."

"मग वर्गातलं आणखी कुणी?"

वर्गात आम्ही चौतीस जण होतो. एक गाडी ठरवली आणि मी जांभूळखेडला गेलो. चौघं जण सापडले. पहिला म्हणाला, आठवत नाही. दुसरा म्हणाला, एवढं जुनं कसं आठवेल मुकुंदराव? तिसऱ्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, आठवत नाही. त्या माणसाला आठवत होतं. तसं म्हणताना चेहरा कसा ठेवावा लागतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी त्याला आग्रह केला नाही. कुठल्या तोंडानं करणार होतो?

चौथा सदा कुंभार. तो अंथरुणाला खिळलेला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आवो, आसं तर रोजच चालायचं. त्यातलं नेमकं कंचं आठवू?"

"धोंडीबा दोर घेऊन आले होते, त्या दिवसाचं," मी म्हणालो.

"कोन धोंडीबा?" सदानं विचारलं.

मी परत आलो. ऋतुजानं माझ्याकडे बघितलं आणि मी नकारार्थी मान हलवली.

"एका कानावर घेऊया का सर?" ती हळूच म्हणाली. "कुणाला कळणार आहे?"

पोरीचा हेतू चांगला होता. पण मास्तरांच्या अकराशे कार्डांना दोन-दोन कान होते, एकालाही आम्ही सूट दिली नव्हती. आणि त्यांच्या या एका कार्डालाही दुसरा कान होता, त्यांच्यासमोर टेबलापाशी जिवंत बसलेला.

"नको," मी म्हणालो. "नियमात बसत नाही."

नवी आवृत्ती गेल्या महिन्यात आली. 'अनेकवचन' काढून बघितलं. एकच अर्थ आहे, पूर्वीचाच. खाली आदरार्थी वापराचं उदाहरणही जुनंच आहे, त्या शनिवारी मी दिलेलं, दोन शब्दांचं. 'गुरुजी आले.'